मुख्याध्यापिका आईवर स्मरणिका लिहिताना

लालबागहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या आई परळ भागातील महापालिकेच्या एका मराठी प्राथमिक शाळेत १९७४ साली शिक्षिका म्हणून लागल्या, १९९४ साली मुख्याध्यापिका झाल्या आणि २०१० च्या मेअखेर निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढावी असे भावाने ठरवले असून तिच्यातला मुख्य लेख या भगिनींनी लिहायचा आहे. त्या लिहितात :

“लिहायला बसले की ‘शिस्तप्रिय, प्रेमळ, कर्तव्यदक्ष’ यापलीकडे काही सुचत नाही. माजी विद्यार्थ्यांचे संदेशही असेच आहेत. फक्त एकाने लिहिले आहे की, तिसरीत असताना बाईंनी सगळ्या वर्गासमोर पट्टीने मारले होते, ते अजून विसरलेलो नाही. भाऊ म्हणतो, तो संदेश वगळून टाक. आणि मला घरातली आई आठवते ती दमलेली, कमी बोलणारी, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला कधीही येऊ न शकलेली. हे लिहावे का? भावाला आईच्या नावाने पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बक्षीस ठेवायचे आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. जाता जाता एक सांगते. आईच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात सुई-दोरा, शर्टाची बटणे, सेफ्टी पिना आणि १९८२-८३ मधली काही पोस्टकार्डे आहेत. गावी गेलेल्या मुलांनी पाठवलेली.”

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमच्या आईंच्या जाण्याचे दुःख अजून ताजे आहे आणि त्यातच हे लेखनाचे काम तुमच्यावर आले आहे, याची मला जाणीव आहे. तरीही एक गोष्ट आधीच सांगते. जे तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून पत्राच्या शेवटी लिहिले, तिथेच तुमचा लेख सुरू होतो. शिस्त आणि प्रेमळपणा हे शब्द बाजूला ठेवा आणि तो डबा समोर घ्या.

त्यातली पोस्टकार्डे आधी तारखेनुसार लावा. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. महिने उलटत गेले, पगार थांबलेले, वाण्याची उधारी वाढलेली, आणि लालबाग-परळच्या चाळींमधली कितीतरी कुटुंबे कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे आपापल्या गावी परतली. त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या कुटुंबांतल्या तिसरी-चौथीतल्या मुलांचे शाळेत काय झाले, हे सांगू शकणारी माणसे थोडी आहेत. तुमच्या आई त्यांतल्या एक होत्या. त्या वेळी त्यांच्या नोकरीला आठेक वर्षे झाली होती आणि वर्गातली मुले वर्षाच्या मध्येच एकामागून एक कमी होत होती. शाळेच्या भाषेत याला ‘पटावरून नाव कमी करणे’ म्हणतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात अशा वेळी ‘गावी गेल्यामुळे’ एवढेच लिहिले जाते. त्या काळी दाखला वेळेवर मिळाला नाही तर गावच्या शाळेत मुलाचा प्रवेश अडत असे, आणि घाईने निघालेल्या आईबापांना दाखल्याची आठवण बहुधा एस.टी.त बसल्यावर होई. मुलांनी बाईंना पत्रे का लिहिली असतील? नुसती आठवण आली म्हणून, की दाखला मागायला, की गावच्या शाळेचे वर्ग चौथीपर्यंतच आहेत, पुढे काय करू, हे विचारायला? कार्डे वाचा, तुम्हाला ते कळेल. एखाद्या कार्डावर आईंनी ‘उत्तर दिले’ अशी खूण किंवा तारीख टाकली असेल तर तीही टिपून ठेवा. अशा एका खुणेतून तुमच्या आईंच्या स्वभावाबद्दल वाचकाला जे समजेल, ते ‘कर्तव्यदक्ष’ या शब्दातून कधीही समजणार नाही.

लेखाची सुरुवात जन्म, शिक्षण, विवाह अशी करू नका. ती माहिती एका चौकटीत स्वतंत्र छापा. लेख त्या संपाच्या वर्षातल्या वर्गापासून सुरू करा आणि तिथून मागे-पुढे जा.

आता मुख्याध्यापकपदाची सोळा वर्षे. या भागात तुमची सर्वाधिक अडचण होईल असे मला वाटते, कारण प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाचे काम घरच्यांना दिसत नाही आणि विद्यार्थ्यांनाही फारसे दिसत नाही. मुलांना आठवते ती परिपाठाला समोर उभी असलेली किंवा जिन्याच्या तोंडाशी थांबलेली एक व्यक्ती. पण ती तिथेच का उभी राहते? महापालिकेच्या एकाच इमारतीत अनेकदा दोन-तीन माध्यमांच्या शाळा असतात, सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत शेकडो मुले एकाच जिन्यावरून खाली उतरत आणि वर चढत असतात. कोणी पडू नये, चेंगरू नये, म्हणून तिथे रोज कोणीतरी उभे राहावे लागते. हे काम कोणत्याही अहवालात लिहिले जात नाही, कारण ते नीट झाले की काहीच घडत नाही. आईंच्या सहकाऱ्यांना हे विचारा : त्या मिनिटांत बाई कुठे असायच्या?

दुसरी गोष्ट तांदळाची. शाळेत खिचडी मिळते हे आज सर्वांना माहीत आहे. पण १९९५ साली ही पोषण आहाराची योजना देशात सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी शिजवलेले अन्न मिळत नसे. ज्या मुलाची हजेरी ८० टक्के भरेल त्याला महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यासाठी मिळे. शिजवलेले अन्न देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २००१ मधला आहे. याचा अर्थ, त्या मधल्या काळात हजेरीपट म्हणजे घरातल्या तांदळाचा हिशेब होता. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली मुलगी, तापाने आठवडाभर आजारी असलेला मुलगा, यांची हजेरी ७८ टक्के भरली तर काय करायचे? नियम मोडायचा, की तांदूळ नाकारायचा, की आईबापांना बोलावून पुढच्या महिन्याची काळजी घ्यायला सांगायचे? तुमच्या आईंच्या शाळेत ही योजना नेमकी कोणत्या साली पोहोचली आणि त्या वेळी त्यांनी काय केले, हे त्यांच्याबरोबर काम केलेल्या बाई सांगतील. उत्तर नियमावर बोट ठेवणारे निघाले तरी ते लिहा, नियम वाकवणारे निघाले तरी लिहा. माणूस पदावर कसा वागला, हे अशाच ठिकाणी कळते.

जून २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. स्वतः पाचवीत किंवा त्याही पुढे इंग्रजी अक्षरे गिरवलेल्या शिक्षिकांना सहा वर्षांच्या मुलांसमोर इंग्रजी बोलायला उभे करणे, हे काम मुख्याध्यापकांवर आले. शिवाय जनगणना, मतदार याद्या, निवडणुकीची कामे होतीच. यांवर एकेक वाक्य पुरे आहे.

पटाच्या प्रश्नाला मात्र जागा द्या. तुमच्या आई मुख्याध्यापिका झाल्या त्या काळात गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे त्यांच्या जागांवर टॉवर आले, आणि मराठी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे सरकली. जी राहिली त्यांतल्या अनेकांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातले. मराठी शाळेचा पट उतरला की शिक्षकांची पदे कमी होतात आणि कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरते. म्हणून शाळा भरण्याआधी चाळी-चाळींत फिरून पहिलीच्या वयाची मुले शोधायची, दारात उभे राहून आईबापांची समजूत घालायची, हे काम त्या पिढीच्या मुख्याध्यापकांनी उन्हातान्हात केले आहे. तुमच्या आई मे महिन्यात दमून घरी यायच्या त्याचे एक कारण हेही असू शकेल. तुम्ही त्या दमलेल्या आईबद्दल लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

संदेशांमध्ये २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीच्या रात्रीचा उल्लेख येण्याची शक्यता मोठी आहे, कारण त्या दिवशी मुंबईतल्या पुष्कळ शाळांत मुले अडकली होती. तो उल्लेख आला तर थोडी सावधगिरी बाळगा. इतक्या वर्षांनंतर एकजण सांगेल की शाळेत चाळीस मुले होती, दुसरा सांगेल दीडशे. एकजण सांगेल छातीइतके पाणी होते, दुसऱ्याला घोटाभर आठवेल. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. परळ या दोन्हींच्या मध्ये आहे, तेव्हा कुर्ला-कलिन्याच्या पुराच्या गोष्टी तुमच्या आईंच्या शाळेच्या गोष्टीत मिसळू देऊ नका. पाऊस दुपारी दोननंतर वाढला, म्हणजे शाळेत दुपारच्या पाळीची मुले होती. लोकल बंद पडल्या, म्हणजे उपनगरांत कामाला गेलेले पालक परत येऊ शकले नाहीत. एवढे पक्के धरून चला आणि संख्येच्या जागी ‘पालक येऊ न शकलेली मुले’ असे लिहा. शेवटचे मूल कोणाच्या हाती सोपवले आणि ते कधी, हे आठवणारे कोणी भेटले तर ते सविस्तर लिहून घ्या.

माजी विद्यार्थ्यांचे संदेश सगळे सारखेच आले आहेत, त्याला तो विचारलेला प्रश्न कारणीभूत असावा. ‘बाईंबद्दल दोन शब्द लिहा’ म्हटले की प्रत्येकाला श्रद्धांजलीची भाषा आठवते. तुम्ही प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच नेमका प्रश्न परत पाठवा आणि तो प्रत्येकासाठी वेगळा असू द्या. बाईंच्या कार्यालयात तुम्ही कधी गेला होता का, कशासाठी? बाई तुमच्या घरी कधी आल्या होत्या का? तुमचे बटण कधी शिवून दिले होते का? हा शेवटचा प्रश्न मी त्या डब्यावरून सुचवते आहे. एवढी बटणे आणि सेफ्टी पिना काही स्वतःसाठी जमवलेल्या नसणार. आणि शिक्षिकांच्याही आधी शाळेच्या निवृत्त शिपायांना भेटा. बाई सकाळी आल्यावर पहिल्यांदा कुठे जायच्या, पाण्याच्या टाकीकडे, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे की खुर्चीकडे, हे त्यांना नक्की माहीत असते. त्यांना फोन करून भागवू नका. घरी जा, बसा, त्यांना वेळ द्या.

आता त्या पट्टीच्या माराविषयी. तो संदेश वगळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या भावाची भावना मला समजते. आईचे वर्षश्राद्ध करताना तिच्याविरुद्ध काही छापणे कोणालाही जड जाईल. परंतु ज्या माणसाने इतक्या वर्षांनी हे लिहून पाठवले, त्याने ते तुमच्या आईंशी असलेल्या नात्यातूनच पाठवले आहे. पूर्ण परक्या माणसाच्या स्मरणिकेला कोणी संदेश पाठवत नाही. आधी त्यांना तुम्ही स्वतः फोन करा. वाद घालायला नको, बचावही करायला नको. ‘तुम्ही लिहिलेत ते मी वाचले, आईने असे करायला नको होते’ एवढे म्हणा आणि ऐका. नंतर विचारा की हे छापलेले त्यांना चालेल का, आणि नावासह की नावाशिवाय. त्यांनी होकार दिला तर त्यांच्याच शब्दांत छापा. त्याखाली ‘त्या काळी सगळेच शिक्षक मारत’ असे वाक्य जोडू नका. ते खरे असले तरी ज्याला मार बसला त्याच्या दृष्टीने त्यात काही सांत्वन नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, म्हणजे तुमच्या आईंच्या निवृत्तीच्या अगदी तोंडावर. मुख्याध्यापिका झाल्यावर त्यांनी शाळेत पट्टीबाबत काय धोरण ठेवले होते, हे सहकाऱ्यांना जरूर विचारा. त्यांच्यात बदल झाला असेल तर तो कधी आणि कसा झाला ते लिहा. बदल झाला नसेल तर तो झाला असे सुचवू नका.

घरातल्या आईबद्दलही लिहा. स्नेहसंमेलन, सहल, निकाल हे सगळ्याच शाळांमध्ये जवळपास त्याच आठवड्यांत येते, त्यामुळे शिक्षिकेच्या मुलांना आपली आई आपल्या शाळेत फारशी दिसत नाही. ही तुमच्या एकटीची तक्रार नाही, मुंबईतल्या हजारो घरांमधली आहे, आणि म्हणूनच ती वाचणाऱ्यांपैकी अनेकांना आपली वाटेल. तुम्ही स्टेजवर असताना कोण आले होते, वडील की आजी की शेजारच्या काकू? घरी गेल्यावर आईने काय विचारले? रागाची नोंद राग म्हणूनच करा आणि तिला शेवटी क्षमेचे वळण देण्याची घाई करू नका. तुम्हाला अजून राग असेल तर तसेच लिहा. आईवरचे प्रेम त्याने कमी दिसत नाही.

एक काळजी मात्र कटाक्षाने घ्या. शाळेच्या जनरल रजिस्टरची, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीची, पाने स्मरणिकेत फोटो म्हणून छापण्याचा मोह होईल, कारण त्यात आईंचे अक्षर असेल. ते रजिस्टर कायम जपून ठेवायचे असते आणि शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असली तरी ते बहुधा तिथे मिळेल. विद्यमान मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ते पाहता आले तर जरूर पाहा. जन्मदाखला नसलेल्या किती मुलांची जन्मतारीख एक जून लागली आहे हेही तिथे दिसेल. पण त्या पानांवर मुलांची जात लिहिलेली असते, जन्मतारीख असते, कधी शेऱ्यात घरची परिस्थितीही असते. ती माणसे आज नोकरी-संसारात आहेत आणि त्यांना न विचारता हे उघड करण्याचा अधिकार आपल्याला नाही. हेच पोस्टकार्डांनाही लागू आहे. ज्यांचा पत्ता लागेल त्यांना विचारा, ज्यांचा लागणार नाही त्यांचे नाव-गाव झाकून मजकूर द्या. कोणाचे वडील दारू प्यायचे, कोणाची फी कोणी भरली, कोणाच्या डोक्यात उवा होत्या, अशा हकिकती नावाशिवायच येऊ द्यात. आईंच्या अक्षराचा नमुना हवाच असेल तर टाचण वहीचे, म्हणजे रोजच्या पाठांची टिपणे असलेल्या वहीचे, एखादे पान शोधा.

राहिला बक्षिसाचा प्रश्न. तुम्हाला ते का पटत नाही, याचा मी विचार केला. पहिली अडचण साधी आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्राथमिक वर्गांत श्रेणी दिली जाते, त्यामुळे ‘पहिला’ कोण हे शाळेला ठरवावे लागेल आणि ते ठरवणे शाळेलाही अवघड जाईल. दुसरे असे की, तुमच्या पत्रात पहिल्या आलेल्या एकाही विद्यार्थ्याचा उल्लेख नाही. त्यात मधेच शाळा सोडून गेलेली मुले आहेत, बटण तुटलेली मुले आहेत, मार खाल्लेला एक मुलगा आहे. तुमचे मन त्यांच्याकडे आहे, आणि आईंचा डबा पाहता त्यांचेही असावे. भावाला हे याच शब्दांत सांगून पाहा. पैसे द्यायचेच आहेत, तर ते ज्या अडचणी सरकारी यादीत बसत नाहीत त्यांच्यासाठी द्या. दप्तर, वह्या, गणवेश, बूट महापालिका स्वतः मोफत देते, तेव्हा त्यांची गरज नाही. फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलाचा चष्मा, शिष्यवृत्ती परीक्षेची पुस्तके, वर्षाच्या मध्येच गावाहून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात लागणाऱ्या वस्तू, अशा गोष्टी आहेत. नेमके काय हवे ते आईंच्या शाळेच्या, आणि ती विलीन झाली असेल तर तिथल्या, मुख्याध्यापकांना विचारा आणि देणगी स्वीकारण्यासाठी शिक्षण विभागाची कोणती परवानगी लागेल हेही त्यांच्याकडूनच समजून घ्या. एकरकमी मोठी रक्कम देऊन मोकळे होण्याऐवजी दरवर्षी जूनमध्ये तुम्हा भावंडांपैकी एकाने शाळेत जाऊन चौकशी करावी, असे मी सुचवेन. नावाची पाटी नसली तरी चालेल.

मजकूर झाला की छपाईला देण्यापूर्वी तो तीन जणांना वाचायला द्या : आईंबरोबर सर्वाधिक काळ काम केलेल्या एका शिक्षिकेला, शिपायांपैकी एकाला आणि तुमच्या भावाला. साल आणि नावे चुकली असतील तर पहिली दोघे सांगतील. भावाला संपूर्ण लेख एकदम दाखवा, तुकड्या-तुकड्याने दाखवू नका. पट्टीच्या माराचा परिच्छेद संपाच्या वर्षाच्या आणि तांदळाच्या परिच्छेदांशेजारी वाचला की त्याचा आक्षेप बहुधा राहणार नाही. राहिलाच तर तो परिच्छेद ठेवायचा की नाही, यावर तुम्ही दोघांनी बसून बोला, मात्र त्याआधी, संदेश छापण्याबद्दल त्या विद्यार्थ्याला तुम्ही दिलेला शब्द भावालाही सांगा.